ताप गेल्यावर गावात काय उरतं?

लेखमाला : साथीचे दिवस (लेखांक ७)

साथ ओसरली की आपण ती विसरतो. शरीर मात्र विसरत नाही, निदान लगेच तरी नाही.

वऱ्हाडात ही गोष्ट १९१८पासून सांगावी लागते. जूनमध्ये मुंबईच्या गोदीत पसरलेला ताप तसा सौम्य होता; सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट जीवघेणी ठरली. जुनी माणसं तिला मानमोडी म्हणत. यवतमाळहून मूर्तिजापूरला कापूस नेणारी शकुंतला ही छोटी रेल्वेगाडी तेव्हा धावत होती आणि मूर्तिजापूरहून मोठी गाडी थेट मुंबईला. तापालाही वाट आयतीच होती. देशात सर्वाधिक माणसं दगावली त्या प्रांतांत मध्य प्रांत-वऱ्हाड होता. त्यातही विशी ते चाळिशीतली, कमावती माणसं फार गेली.

तो विषाणू नंतर कुठे गेला? कुठेच नाही. त्याचे वंशज १९५७पर्यंत साध्या फ्लूच्या रूपात फिरत राहिले. विषाणू थोडाफार निवळला असेल. पण माझ्या मते मोठा बदल माणसांत झाला होता. जगलेल्यांच्या रक्तात त्याची ओळख होती.

ही ओळख घरातल्या प्रत्येकाची वेगळी असते. २००९ साल आणि दारव्ह्यातलं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. आजीचा जन्म १९३५चा, तिचा लहानपणचा फ्लू मानमोडीच्याच कुळातला. मुलगा १९६०चा, त्याच्या बालपणी फ्लूचं कूळच बदललेलं. नातू नववीत. त्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लू, तोही मानमोडीच्याच कुळातला, उसळला तेव्हा जगभर दिसलं तेच इथेही दिसलं : शाळकरी पोरं आणि तरुण आडवे झाले, आजीच्या वयाचे त्या मानाने कमी. अर्थात ज्या म्हाताऱ्यांना तो झाला, त्यांना तो जडच गेला.

मग साथीत कमावलेली प्रतिकारशक्ती संपते कशी? अँटिबॉडी विरतात. ज्यांनी साथ पाहिलीच नाही अशी बाळं दरवर्षी जन्मतात. आणि विषाणू रूप पालटतो. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळीने काय केलं, ते यवतमाळकरांना सांगायला नको. तगलेल्या अळ्यांचीच पैदास वाढली. फ्लूचंही तसंच. बहुतेकांच्या अँटिबॉडी ज्याला ओळखतात तो विषाणू मागे पडतो, चुकवणारा पुढे सरकतो. २००९नंतर २०१५मध्ये मोठी साथ आली, २०१७मध्ये पुन्हा. त्याच वर्षी लसीतला स्वाइन फ्लूच्या विषाणूचा (एच१एन१) ‘कॅलिफोर्निया’ वाण काढून ‘मिशिगन’ घालावा लागला. करोनाकाळात मास्कमुळे फ्लू जवळजवळ दिसेनासा झाला, ओळखीची उजळणी राहून गेली आणि २०२२च्या पावसाळ्यात राज्यात स्वाइन फ्लूने पुन्हा डोकं वर काढलं.

आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. घरात गरोदर बाई, साठी-पासष्टी उलटलेलं किंवा मधुमेही माणूस असेल, तर मृगाआधीच डॉक्टरांना लसीबद्दल विचारा. गेल्या वर्षी घेतली होती, हे कारण यंदा चालत नाही.