हिरड्यांतून रक्त का येतं?

दात घासताना थुंकीत कधी लाल रंग दिसलाय का? मग तुम्ही काय करता? बरेच जण त्या जागी ब्रश लावायचंच टाळतात. तिथेच तर चूक होते!

आपल्या तोंडात कायम जंतू असतात. दातांवर त्यांचा मऊ, चिकट थर साचतो. तो रोज काढला नाही, तर हिरड्या सुजतात आणि त्यांतून रक्त येतं. हळूहळू हा थर दगडासारखा कडक होतो. मग तो ब्रशने निघत नाही, दातांच्या डॉक्टरांनाच काढावा लागतो.

नुसती सूज असेल, तर हिरड्या पुन्हा बऱ्या होतात. पण दुर्लक्ष केलं, तर दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि दात हलू लागतात. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

म्हणून दिवसातून 2 वेळा, 2-2 मिनिटं, मऊ ब्रशने हळुवार दात घासा. दातांच्या फटींत फ्लॉस फिरवा. तरीही रक्त थांबलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

तुमची आजी मिश्री लावते का? मिश्री म्हणजे तंबाखू भाजून केलेली पूड. तिनेही हिरड्या बिघडतात. पुढच्या फोनवर आजीला हे मराठीत समजावून सांगा!

शब्दार्थ
हिरडी – दाताभोवतीचा गुलाबी भाग
फट – दोन वस्तूंमधली अरुंद जागा
झिजणे – हळूहळू कमी होत जाणे