खेळ ज्यांचा, त्यांनाच मज्जाव

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांना प्रवेश मिळाला. त्यांत क्रिकेट होते, म्हणून आपल्याकडे आनंदाला भरते आले. त्याच यादीतील लॅक्रॉसकडे फारसे कोणी पाहिले नाही. टोकाला जाळी बांधलेल्या काठीने चेंडू झेलावयाचा, धावत पुढे न्यावयाचा आणि प्रतिपक्षाच्या गोलात फेकावयाचा, असा हा खेळ आपल्याला जवळजवळ अनोळखीच आहे.

अमेरिकेत मात्र त्याचा थाट मोठा. शाळाशाळांतून सामने, १९७१ पासून महाविद्यालयांचे राष्ट्रीय अजिंक्यपद आणि त्यापुढे व्यावसायिक लीग. परंतु हा खेळ मूळचा या विद्यापीठांचा नव्हे. मोहॉक, ओनोंडागा, सेनेका आदी सहा राष्ट्रांचा जो हौडेनोसौनी संघ, त्याची ही ठेव. विधात्याने दिलेला खेळ म्हणून, आजाऱ्यास आराम पडावा म्हणून ते तो खेळत आले. महाविद्यालयीन खेळाडूस मिळणाऱ्या श्रेष्ठ पारितोषिकाचे ‘तेवारातोन’ हे नावही मोहॉक भाषेतले. ओनोंडागा लाइल थॉम्पसनने ते २०१४ मध्ये भावासह व २०१५ मध्ये पुन्हा पटकावले.

नाव घ्यावयाचे आणि माणसाला दाराबाहेर ठेवावयाचे, ही रीत जुनीच. १८८० मध्ये कॅनडातील संघटनेने केवळ हौशी खेळाडूंना मान्यता दिली. प्रवासखर्चापुरते पैसे घेणारे मूळ निवासी त्यामुळे आपोआप बाद झाले. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मोहॉक संघाने कांस्यपदक मिळविले, पण कॅनडाच्या नावावर. २०१० मध्ये मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेस निघालेला त्यांचा संघ न्यूयॉर्कमध्येच अडकला, कारण त्यांची स्वतःची पारपत्रे ब्रिटनने मानली नाहीत. दुसऱ्या देशाच्या पारपत्रावर जाण्यास त्यांनी नकार दिला आणि स्पर्धा सोडली. १९६१ पर्यंत ज्यांची ओळख लिस्बनचे कागद ठरवीत होते, त्या गोमंतकीयांना या नकाराची किंमत समजावून सांगावी लागू नये.

आता ऑलिंपिक समिती म्हणते, राष्ट्रीय ऑलिंपिक समिती असलेल्यांनाच प्रवेश. हौडेनोसौनींनी अमेरिकेकडून वा कॅनडाकडून खेळावे. नियम असेल. पण हाँगकाँग आणि पोर्तो रिको सार्वभौम नसताना आपल्या ध्वजाखाली खेळतातच ना? ज्या राष्ट्रसंघाशी अमेरिकेने १७९४ मध्ये कानंडाइग्वा येथे तह केला, त्याला राष्ट्र म्हणावयास आज अडचण का यावी? डिसेंबर २०२३ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनीही त्यांची बाजू उचलून धरली होती. त्यांचा संघ दुबळा म्हणावा, तर त्याच वर्षी सॅन दिएगोच्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळविले आहे.

आयर्लंडने याबाबतीत मनाचा मोठेपणा दाखविला. २०२२ च्या बर्मिंगहॅम (अलाबामा) जागतिक क्रीडास्पर्धेतून या संघाला वगळले गेले, तेव्हा आयरिश संघाने आपली जागा त्यांच्यासाठी रिकामी केली. भारताने २०२४ मध्ये २०३६ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मागितले आहे. ज्या मुंबईत या खेळाला दार उघडले गेले, त्या देशाच्या प्रतिनिधींनी समितीत हौडेनोसौनींसाठी एक शब्द टाकावयास हरकत नसावी.