विश्लेषण : कारखान्यातला माल आपोआप फिरू लागतो तेव्हा नेमकं काय बदलतं?

कारखान्यात एखादा पार्ट तयार होताना प्रत्यक्ष मशीनवर असतो थोडाच वेळ. बाकीचा वेळ तो बिनमध्ये पडून असतो, नाहीतर फिरत असतो. स्टोअरमधून लाइनवर, एका मशीनवरून दुसऱ्यावर, तिथून तपासणीला, मग पॅकिंगला. प्रत्येक फेरीला हेल्पर, ट्रॉली किंवा फोर्कलिफ्ट लागते आणि या फेऱ्यांनी पार्टची किंमत एका पैशानेही वाढत नाही. बेअरिंग शंभर फूट हलवलं म्हणून गिऱ्हाईक जास्त पैसे देणार नाही. टोयोटाच्या उत्पादन पद्धतीत अपव्ययाचे जे सात प्रकार सांगितले आहेत, त्यात मालाची ने-आण आहे ती यामुळेच.

ही ने-आण यंत्रावर सोपवण्याचा प्रयत्न शंभर वर्षांहून जुना आहे.

कन्व्हेअरपासून रोबोपर्यंत

फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात १९१३ मध्ये सरकती असेंब्ली लाइन सुरू झाली. माणसाने गाडीकडे जाण्याऐवजी गाडीच माणसासमोर येऊ लागली. एका चासीच्या जोडणीला आधी बारा तासांहून जास्त वेळ लागायचा, तो काही महिन्यांत दीड तासावर आला. पण कन्व्हेअर एकदा जमिनीला ठोकला की ठोकला. मॉडेल बदललं, मशीनची जागा बदलली की तोडफोड आली.

यावर उपाय म्हणून १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बॅरेट इलेक्ट्रॉनिक्सने ड्रायव्हरशिवाय चालणारं ओढगाडं बनवलं. ते तारेतल्या सिग्नलचा माग काढत जायचं. आज ज्याला एजीव्ही म्हणतात, त्याची ही सुरुवात. पुढे तारेच्या जोडीला चुंबकीय पट्टी आणि जमिनीवर चिकटवलेले क्यूआर कोडही आले.

स्वीडनमधल्या व्होल्वोच्या काल्मार कारखान्याचं उदाहरण इथे सांगायलाच हवं. १९७४ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यात नेहमीची लाइनच नव्हती. गाडीचा सांगाडा स्वयंचलित वाहकावर बसून कामगारांच्या गटांकडे यायचा आणि प्रत्येक गट गाडीचा एक अख्खा भाग जोडायचा. दिवसभर एकच बोल्ट आवळण्याचा कंटाळा घालवणं, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे मालवाहतुकीचं यांत्रिकीकरण प्रत्येक वेळी माणूस कमी करण्यासाठीच होतं, असं नाही. हा कारखाना १९९४ मध्ये बंद झाला.

सध्या चर्चा आहे ती एएमआरची, म्हणजे स्वतः रस्ता शोधणाऱ्या रोबोची. एजीव्हीला लोकल ट्रेन म्हणता येईल : रूळ ठरलेले, वाटेत काही आलं की थांबायचं. एएमआर रिक्षासारखा आहे. तो लायडार आणि कॅमेऱ्याने शॉप फ्लोअरचा नकाशा मनाशी धरतो आणि समोर पॅलेट आडवं आलं तर वळसा घालून जातो. भारतातही आता ग्रेऑरेंज, अॅडव्हर्ब यांसारख्या कंपन्या या क्षेत्रात आहेत. अॅडव्हर्बमध्ये रिलायन्सने २०२२ मध्ये १३.२ कोटी डॉलर गुंतवून ५४ टक्के हिस्सा घेतला.

मग अडतं कुठे?

रोबो चालवणं तुलनेने सोपं आहे. तो कुठे, कधी आणि काय घेऊन जाईल, हे ठरवणं अवघड. त्यासाठी स्टोअरची नोंद चोख लागते. कॉम्प्युटरवर चाळीस नग आणि रॅकवर बत्तीस, हे अनेक ठिकाणी रोजचं आहे. जुना हेल्पर ते जाणून असतो. कुठला बिन अर्धा येतो, कुठल्या लाइनला दुपारनंतर माल कमी पडतो, हे त्याच्या डोक्यात असतं. रोबो मात्र नोंदीवर विश्वास ठेवून बत्तीसच नग आणून ठेवतो आणि लाइन आठ नगांसाठी खोळंबते.

दुसरी अडचण जमिनीची. दोन शेडमधला उंबरठा, फरशीचे खड्डे, सांडलेलं ऑइल, पावसाळ्यात आत येणारं पाणी. हॅन्ड पॅलेट ट्रक ओढणारा माणूस यातून वाट काढतो, रोबो अडतो. शिवाय रोबोने बिन आणला तरी तो उचलून मशीनजवळ ठेवणारे हात बहुतेक ठिकाणी अजून माणसाचेच आहेत.

घाई केली तर मोठ्या कंपन्याही फसतात. टेस्लाने मॉडेल ३ साठी कन्व्हेअरचं गुंतागुंतीचं जाळं उभारलं होतं. ते नीट चालेना म्हणून सगळं काढून टाकलं, असं इलॉन मस्क यांनी २०१८ मध्ये स्वतःच सांगितलं. अति यांत्रिकीकरण ही आपलीच चूक होती, अशी कबुलीही त्यांनी तेव्हा दिली.

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न वेगळा का?

कारण ओझं वाहणाऱ्यांसाठी इथे स्वतंत्र कायदा आहे. अण्णासाहेब पाटील यांनी उभ्या केलेल्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. चढवणं, उतरवणं, थप्पी लावणं, वजन करणं ही कामं त्यात येतात. बाजार समित्या आणि गोद्यांबरोबर कारखान्यांतल्या अशा कामाचाही त्याच्या अनुसूचीत समावेश आहे. मालक मजुरी थेट कामगाराच्या हातात देत नाही, ती माथाडी मंडळाकडे भरतो. त्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरतो. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना हे सगळं या लेव्हीतून चालतं.

आतल्या फेऱ्या रोबोकडे गेल्या म्हणून माथाडीचं काम लगेच संपत नाही. ट्रकमधली वेडीवाकडी पोती आणि खोकी उतरवणं यंत्राला अजूनही जड जातं. मात्र माल ठरावीक मापाच्या पॅलेटवर येऊ लागला, की तेही फोर्कलिफ्टचं काम होतं. पाठीचे आणि मणक्याचे आजार पाहता ओझं माणसाच्या डोक्यावरून उतरावं, याला कुणाचा विरोध नसावा. पण लेव्ही मजुरीवर मोजली जाते आणि रोबोला मजुरी नसते. मंडळाकडे येणारी मजुरी घटली, की दवाखान्याचा पैसाही त्याच प्रमाणात घटतो. रोबोंच्या ताफ्यावर लक्ष ठेवणं, त्यांची दुरुस्ती करणं ही नवी कामं निघतात खरी. पण त्यासाठी आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली मुलं घेतली जातात. पंचवीस वर्षं पोती वाहिलेल्या माणसाला त्या जाहिरातीत जागा नसते.