न हरताही विश्वचषक हुकतो तो कसा? प्ले-ऑफचा हिशेब समजून घेऊ

२०२२ चा फुटबॉल विश्वचषक सुरू झाला तेव्हा आमच्याकडे चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास यायचा, इटली कुठाय? चार वेळा विश्वविजेता, आदल्याच वर्षी युरोपचा चॅम्पियन झालेला हा संघ कतारला पोहोचलाच नव्हता. बरं, पात्रता फेरीच्या गटात त्याने एकही सामना गमावला नव्हता. मग बाहेर कसा? कारण प्ले-ऑफ. शब्द टीव्हीवर सगळे ऐकतात, पण त्यामागचा हिशेब बऱ्याच जणांना उलगडत नाही.

युरोपात गटात पहिला येणारा संघ थेट विश्वचषकाला जातो. दुसरा आला की त्याला प्ले-ऑफ खेळावा लागतो. इटलीने आठपैकी चार सामने जिंकले, चार बरोबरीत सोडवले, म्हणजे १६ गुण. स्वित्झर्लंडचे झाले १८. या दोघांमधले दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि दोन्हींत इटलीच्या जॉर्जिन्योने पेनल्टी दवडली. मी पडलो कॉमर्सवाला, म्हणून आकडेमोड करून बघितली. त्यातली एक जरी पेनल्टी आत गेली असती तरी इटली १८, स्वित्झर्लंड १७ झाले असते.

त्याऐवजी २४ मार्च २०२२ ला पालेर्मोत उत्तर मॅसेडोनियाशी एकच सामना खेळावा लागला. जिंकला तो पुढे, हरला तो घरी. इटलीने गोलच्या दिशेने तीसहून अधिक फटके मारले, एकही आत गेला नाही. ९२ व्या मिनिटाला ट्रायकोव्स्कीने लांबून मारलेला एक फटका गेला आणि संपलं. गटात एक दिवस वाईट गेला तर पुढच्या सामन्यात भरून काढता येतो. इथे पुढचा सामनाच नसतो.

पूर्वी असं एकाच सामन्यावर नव्हतं. एक सामना आपल्या घरी, एक त्यांच्या घरी, आणि दोन्हींचे गोल मिळवून निकाल. बेरीज समान झाली तर ज्याने दुसऱ्याच्या मैदानावर जास्त गोल केले तो पुढे. यालाच अवे गोलचा नियम म्हणत. या नियमाचा सगळ्यात मोठा फटका बसला ऑस्ट्रेलियाला, नोव्हेंबर १९९७ मध्ये. समोर इराण होता. तेहरानमध्ये एक लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर १-१. मेलबर्नच्या परतीच्या सामन्यात ऑस्ट्रेलिया २-० ने पुढे, सगळं स्टेडियम फ्रान्सला निघालेलं. तेवढ्यात एका प्रेक्षकाने मैदानात घुसून गोलची जाळीच ओढून तोडली. खेळ थांबला. पुन्हा सुरू झाल्यावर शेवटच्या टप्प्यात बाघेरी आणि अझीझी यांनी काही मिनिटांत दोन गोल केले. २-२. एकूण बेरीज ३-३, पण इराणचे परक्या मैदानावर दोन गोल, ऑस्ट्रेलियाचा एक. त्या वेळच्या संपूर्ण पात्रता फेरीत एकही सामना न हरलेला ऑस्ट्रेलिया घरी बसला.

ऑस्ट्रेलियाच्या ओशिआनिया खंडाला तेव्हा थेट जागाच नव्हती, शेवटी प्ले-ऑफ ठरलेलाच. २००१ मध्ये उरुग्वेने त्यांना अडवलं. २००५ मध्ये त्याच उरुग्वेला सिडनीत पेनल्टी शूटआऊटवर ४-२ ने हरवून ते ३२ वर्षांनी विश्वचषकात पोहोचले आणि पुढच्याच वर्षी सरळ आशियाच्या संघटनेत दाखल झाले. सारखं दुसऱ्याच्या दारात कोण उभं राहणार!

एका प्ले-ऑफचा हिशेब तर फिफाच्या वहीत लिहिला गेला. २००९ मध्ये पॅरिसला आयर्लंडविरुद्ध फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीने चेंडू हाताने अडवला, गॅलासने गोल केला आणि फ्रान्स पुढे गेला. पंचांना ते दिसलं नाही, टीव्हीवर सगळ्या जगाला दिसलं. नंतर फिफाने आयर्लंडच्या संघटनेला स्टेडियमच्या नावाखाली ५० लाख डॉलरचं कर्ज दिलं आणि २०१४ अखेरीस ते माफही केलं. आपल्याकडे बँका असं कर्ज कुणाला देतात हे वाचकांना सांगायला नको.

२०२६ पासून विश्वचषकात ४८ संघ झाले, ओशिआनियाला थेट जागा मिळाली, पण प्ले-ऑफ राहिलाच. युरोपच्या १६ जागांपैकी १२ गटविजेत्यांना आणि उरलेल्या चारसाठी १६ संघ. शिवाय वेगवेगळ्या खंडांतल्या सहा संघांत दोन जागा.

आणि आपण? आशिया चषक २०२७ च्या शेवटच्या पात्रता फेरीत भारताच्या गटात हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश होते. जागा एकच, पहिल्या क्रमांकाला. दुसऱ्यासाठी प्ले-ऑफही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावला फातोर्डा स्टेडियमवर छांगतेने १४ व्या मिनिटाला गोल करून सुरुवात तर झकास केली, पण सिंगापूरच्या साँग उई-यंगने दोन गोल मारले आणि सामना १-२ असा गेला. चार सामन्यांत दोन गुण. उरलेले दोन सामने नुसते नावाला राहिले.