तिशीची तपासणी विशीत ठरते

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या खेड्यांत कर्करोगाचे नाव सहसा कोणी मोठ्याने घेत नाही. 'त्याला नागपूरला नेले' एवढेच बोलले जाते आणि ऐकणारा समजून जातो. पुढे विचारपूस होते ती शेत गहाण पडले का, बैलजोडी विकली का, सोबत कोण गेले याची. आजार कधी सुरू झाला, पहिले लक्षण कोणते होते, तेव्हा कोणाला दाखवले होते का, हे विचारण्याची रीत नाही. नागपूरहून माणूस परत येतो तो बहुधा खंगलेला असतो, किंवा येतच नाही.

या दोन जिल्ह्यांत वाढलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींनी कर्करोग पाहिला आहे तो असा, शेवटच्या अंकातला. पहिला अंक त्यांनी पाहिलेला नाही, कारण तो कोणी दाखवलेलाच नाही. गालातला पांढरा चट्टा, गर्भाशयाच्या तोंडावरचा न दुखणारा बदल, छातीतली वाटाण्याएवढी गाठ या गोष्टी गावात चर्चेला येत नाहीत. मग तपासणीचे नाव काढले की तरुण मनात एकच चित्र उभे राहते : तपासणी म्हणजे निकाल आणि निकाल म्हणजे नागपूर.

सरकारी कार्यक्रमानुसार तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी तिशी ओलांडलेल्यांची व्हायची असते. 2016 साली केंद्राने त्यासाठी राज्यांना आराखडा दिला. 30 ते 65 वयोगटातल्या प्रत्येकाची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असे त्यात म्हटले आहे. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरून घेतात. तोंड उघडायला त्रास होतो का, तोंडातली जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही असे घडले का, छातीत गाठ आहे का, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाते का, असे साधे प्रश्न त्यात असतात. पण 2019 ते 21 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दाखवलेले वास्तव असे की, देशातल्या 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींची गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी तरी झालेली होती. स्तनाची आणि तोंडाची तर शंभरात एकीचीही नव्हती.

फॉर्म तिशीत भरला जातो हे खरे. पण त्या वेळी दार उघडायचे की 'घरी कोणी नाही' म्हणायचे, हे माणसाच्या मनात त्याच्या कितीतरी आधी, विशीतच ठरून गेलेले असते. म्हणून आजच्या तरुणांच्या मनात काय आहे, हे जाणून घेण्याला महत्त्व आहे.

'होऊन काहीच नाही रायलं, त तपासाचं कायले?'

हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. ज्या घरात दवाखान्यात जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे पडते आणि सोबतीला आणखी एक माणूस लागतो, त्या घरात दुखल्याशिवाय दवाखाना न गाठणे हा काटकसरीचा साधा हिशेब आहे. सिरोंचा किंवा भामरागडच्या माणसाला जिल्ह्याचे ठिकाणच इतके लांब पडते की, नागपूर हा त्यापुढचा वेगळाच मुलूख.

पण दुखणे असूनही न दाखवण्याची सवय या हिशेबाहून जुनी आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' संस्थेतल्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांची चर्चा झाली. तपासलेल्या स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. पांढरे जाणे, कंबर दुखणे, अंगावरून जाणे हे 'बाईच्या जातीला लागलेलेच' म्हणून सोसले जात होते.

त्या वेळी ज्या मुली लहान होत्या त्या आज चाळिशीत आहेत आणि त्यांच्या मुली महाविद्यालयात. आईने सोसलेले मुलीने पाहिले, पण आईने ते बोलून दाखवले नाही. आजची मुलगी शिकलेली आहे, मोबाईल वापरते, नर्सिंगला किंवा पोलीस भरतीला जायची तयारी करते. तरीही तपासणीचा विषय निघाला की तिच्या मनातले प्रश्न आईचेच असतात. तपासणार कोण, बाई की पुरुष? पडदा असेल का? गावातल्या कोणी पाहिले तर? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न : काही निघाले तर लग्नाचे काय?

हा शेवटचा प्रश्न या भागात हवेतला नाही. सिकलसेलच्या निमित्ताने इथल्या कुटुंबांना त्याचा अनुभव आहे. वरून धडधाकट दिसणाऱ्या मुलाचे रक्त तपासायचे, तो वाहक आहे का ते सांगायचे, ही कल्पना इथल्या तरुणांना नवी नाही. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानात तर चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांचीच तपासणी अपेक्षित आहे. त्यातून दोन धडे मिळतात. एक असा की, आजार दिसत नसतानाही तपासून घ्यायला तरुण तयार होतो, जर त्यामागचे कारण त्याला उमगले तर. दुसरा असा की, निकाल जर गावभर झाला तर पुढच्या दहा घरांची दारे बंद होतात. गुप्तता पाळणे हे तपासणीचे अर्धे यश आहे.

तीन बोटे आणि आरसा

गर्भाशयमुखाच्या आणि स्तनाच्या तपासणीसाठी तिशीची मर्यादा ठेवण्याला कारण आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्याचा संसर्ग तरुण वयात पुष्कळ जणींना होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप निघूनही जातो. ज्यांच्यात तो टिकून राहतो, त्यांनाही कर्करोग व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षे लागतात. वीस वर्षांच्या मुलीला या तपासणीसाठी घाई करायचे कारण नाही. तिला या लांबलचक मुदतीची माहिती मात्र हवी. 9 ते 14 या वयात घेतलेली लस सर्वांत उपयोगी पडते. पण लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तिशीत तपासणी करून घ्यायचीच आहे.

तोंडाची गोष्ट वेगळी आहे आणि इथे खर्रा आडवा येतो. बारीक सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून प्लॅस्टिकच्या तुकड्यात बांधलेली ही पुडी पूर्व विदर्भाच्या हाडीमाशी भिनली आहे. पाहुण्याच्या पुढे ती येते, रोवणीच्या बांधीवर येते, परीक्षेच्या आदल्या रात्री जागरणाला येते. गुटख्यावर राज्याने 2012 मध्ये बंदी घातली. खर्रा मात्र पानठेल्यावर डोळ्यांदेखत घोटून मिळत राहिला. तो शाळेच्या वयातच सुरू झाला असेल, तर पंचविशीला तोंडाला त्याची दहा वर्षे होतात. सुपारीमुळे गालाची आतली बाजू ताठ होत जाते, तिखट जेवण सोसवत नाही, हळूहळू तोंड उघडेनासे होते. हा अजून कर्करोग नव्हे, पण त्याकडे जाणारी वाट आहे आणि ताठ झालेला गाल सहसा पूर्ववत होत नाही.

याची पहिली चाचपणी घरच्या आरशासमोर होते. हाताची मधली तीन बोटे एकमेकांवर येतील अशी उभी धरून तोंडात जातात का पाहावे. जात नसतील तर दंतवैद्याला दाखवावे. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांहून जुनी जखम आहे का, हेही उजेडात दिसते. ज्या जिल्ह्यांत खर्रा विशीच्या आधीच सुरू होतो, तिथे तोंडाच्या तपासणीने तिशीची वाट पाहू नये. महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या वेळी जशी उंची आणि वजन घेता येते, तसे तोंडही पाहता येईल.

नुसते पाहण्याने काय होते, असे कोणी विचारील. तिरुवनंतपुरममध्ये 1996 पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. 2005 मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा तंबाखू-दारूचे व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेले आढळले. हातात फक्त बॅटरी आणि मनात माहिती होती.

बार्शीने दिलेले उत्तर

'निघाला तर काय, मरायचेच आहे' या भीतीला उत्तर महाराष्ट्रातच मिळालेले आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला 1987 मध्ये ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंद करणारे कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांशी बोलत, लक्षणे सांगत. कोणतेही यंत्र न आणता, निव्वळ या बोलण्याने काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या.

पुढे त्याच मंडळींनी, शेजारच्या त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. 2009 मध्ये निष्कर्ष आले : ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केली होती, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून आरोग्यसेविकांच्या हाती व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाची चाचणी दिली, तेव्हाही मृत्यू सुमारे 31 टक्क्यांनी घटले. या चाचणीत डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. बहुतेक वेळा तो त्याच्या आधीचा, सहज बरा होणारा बदल असतो. हे वाक्य वीस वर्षांच्या मुलीच्या कानावर एकदा पडले, तरी नागपूरचे चित्र थोडे पुसट होईल.

केवळ भीती घालून हे साधत नाही. ब्रिटनच्या जेड गुडीची आठवण पुष्कळांना असेल. 2008 मध्ये भारतातल्या 'बिग बॉस'मध्ये असताना तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचे कळले आणि मार्च 2009 मध्ये, अवघ्या 27 व्या वर्षी ती गेली. त्या काळात इंग्लंडमध्ये तपासणीला येणाऱ्या स्त्रियांची संख्या लाखांनी वाढली. नंतर ती लाट ओसरली. धास्तीने माणूस एकदा धावतो. पाच वर्षांनी पुन्हा यायचे असेल तर सवय लागते.

भरतीचे मैदान

या सवयीचा नमुना गडचिरोलीच्या तरुणांपाशीच आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली इथे कोणीही पाहावीत. पोलीस भरतीसाठी उंची, छाती, धावण्याची वेळ सगळे मोजून घेतात. वैद्यकीय तपासणीची त्यांना भीती नसते, कारण तिच्या पलीकडे नोकरी आहे. तपासणीच्या पलीकडे काही आशा दिसली तर तरुण मागे हटत नाही. कर्करोगाच्या तपासणीपलीकडे त्याला आज फक्त खर्च आणि लाचारी दिसते.

म्हणून जबाबदारी तरुणांवर ढकलून भागणार नाही. तपासणी करायची आणि पुढच्या उपचारांचा रस्ता दाखवायचा नाही, ही फसवणूक होईल. डाग दिसलेल्या बाईला कोणत्या दिवशी, कोणत्या डॉक्टरकडे, कोणाच्या सोबतीने जायचे आणि खर्च कोणत्या योजनेतून होईल, हे त्याच बैठकीत सांगितले पाहिजे. शिबिराची तारीख तेंदूपत्त्याच्या किंवा रोवणीच्या दिवसांत धरू नये. तपासणारी बाई असावी आणि भाग माडिया-गोंडीचा असेल तर तिला ती भाषा यावी.

या जिल्ह्यांना अवघड विषय चारचौघांत बोलण्याची सवय नाही असे नाही. गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी आली ती बायकांनी आणि गावांनी वर्षानुवर्षे लावून धरल्यामुळे. 'मुक्तिपथ' अभियानातून दारू आणि तंबाखूचा प्रश्न गावाच्या बैठकीत येतो. 'सर्च'चे 'तारुण्यभान' शिबिर मुलामुलींशी शरीराबद्दल मोकळेपणाने बोलते. त्याच बैठकीत, त्याच शिबिरात तपासणीच्या दोन गोष्टी सांगायला वेगळी इमारत लागत नाही.

आणि घरात? आईने स्वतः तपासणी करून आल्यावर मुलीला सांगावे : गेले होते, पाच मिनिटे लागली, दुखले नाही. बापाने खर्ऱ्याची पुडी बाजूला ठेवून मुलासमोर आरशात तीन बोटे घालून पाहावीत. मुलाने ती पाहिली की दहा वर्षांनी आशाताई फॉर्म घेऊन येतील तेव्हा त्याला नव्याने काही समजवावे लागणार नाही. रविवारची दुपार आहे, घरातली सगळी माणसे घरी आहेत. आरसाही भिंतीवर आहे.