नीलवंत : महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू

इंग्रजी नाव : ब्लू मॉरमॉन

आकार : पंख पसरल्यावर १२ ते १५ सें.मी.

आढळ : सह्याद्री, दक्षिण भारत, श्रीलंका, शहरी बागांतही.

ओळख : काळ्या मखमली पंखांवर फिकट निळा पट्टा, त्यात काळे ठिपके.

अळी : मादी लिंबू, पपनस, माकडलिंबूच्या पानांवर सुटी अंडी घालते. लहान अळी हुबेहूब पक्ष्याची विष्ठा वाटते. मोठेपणी हिरवी होते. डिवचलं की डोक्यामागून लालसर, दुभंगलेला, उग्र वासाचा अवयव बाहेर काढते.

सवयी : मध पितानाही पंख फडफडतच असतात. नर ओल्या मातीतले क्षार शोषतात.

मान : २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित.

कुंडीतल्या लिंबाची पानं कुरतडलेली दिसली, तर फवारणीआधी अळी नीट पाहा. नीलवंताची असू शकते.