कम्प्लायन्स ऑफिसर म्हणजे कोण?

ईदनंतरच्या आठवड्यात एक आई शाळेत आली. तिचा मुलगा माझा जुना विद्यार्थी, यंदा बी.कॉम. झाला. बुरख्याच्या आतून तिने मोबाईल काढला आणि मेसेज दाखवला. "टीचर, मनामाला बँकेत नोकरी आहे म्हणतात, कम्प्लायन्स ऑफिसरची. एजंट ऐंशी हजार मागतो. बांगड्या ठेवू का?"

बांगड्यांचे उत्तर मला लगेच देता आले नाही, कारण खरे सांगायचे तर हे पद काय असते हेच मला धड माहीत नव्हते. वीस वर्षे मुलांना शिकवते आहे. कॉमर्स म्हणजे टॅली, अकाउंट्स आणि फार तर सी.ए., एवढीच माझी धाव. दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि मुंबईत एका वित्तसंस्थेत हेच काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला.

तिने सांगितलेले मी पोफळीच्या भाषेत सांगते. आपल्याकडे डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजघर आहे. तिथे काहीजण वीज निर्माण करतात, आणि काहीजणांचे काम मापे बघायचे, काही बिघडते आहे असे वाटले तर थांबा म्हणायचे. बँकेतला कम्प्लायन्स विभाग हा दुसऱ्या प्रकारचा. कर्ज वाटणे, ठेवी आणणे हे त्याचे काम नव्हे. रिझर्व्ह बँक, सेबी यांचे नियम पाळले जातात का, खातेदाराचे कागद खरे आहेत का, आलेला पैसा संशयास्पद तर नाही ना, हे बघणे त्याचे काम. एका महिन्यात दहा लाखांच्या वर रोखीचे व्यवहार झाले की त्याचा अहवाल दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला जातो. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा. तो लागू झाला १ जुलै २००५ पासून, आणि या कामाची माणसे तेव्हापासून वाढतच गेली.

आता भरतीचे. ११ सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने बँकांच्या मुख्य कम्प्लायन्स अधिकाऱ्यासाठी अटी घातल्या: निदान १५ वर्षांचा बँकिंग किंवा वित्तक्षेत्रातला अनुभव, त्यातली किमान ५ वर्षे ऑडिट, फायनान्स, कायदा, जोखीम किंवा कम्प्लायन्समध्ये, नेमणूक किमान ३ वर्षांची, आणि त्याच्याकडे धंद्याचे टार्गेट द्यायचे नाही. मधेच काढायचे झाले तर आधी रिझर्व्ह बँकेला कळवावे लागते. मला ही शेवटची अट फार आवडली. जो नाही म्हणायला नेमला आहे, त्याची नोकरी नाही म्हटल्याने जाऊ नये.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला कम्प्लायन्स ऑफिसर म्हणून पात्र कंपनी सेक्रेटरीच नेमावा लागतो, हा सेबीचा २०१५ चा नियम.

मग मनामाचे काय? बहारीनची मध्यवर्ती बँक कम्प्लायन्स प्रमुखाचे पद नियंत्रित पदांत धरते. त्या माणसाला आधी तिची लेखी मंजुरी लागते, आणि तो अर्ज नोकरी देणारी संस्था करते. कालच पदवी घेतलेल्या, एक दिवसही बँकेत न बसलेल्या मुलाला ते पद एजंटमार्फत मिळेल? शिवाय आपल्याकडच्या नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढेच घेता येते. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. आम्ही तपासला. मेसेजमधल्या नावाचा एजंट सापडला नाही.

आखातात या कामाला मागणी नाही असे मात्र नाही. मार्च २०२२ मध्ये एफएटीएफने संयुक्त अरब अमिरातीला करड्या यादीत घातले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये काढले. या काळात तिथल्या बँकांवर तपासणीचा मोठा ताण होता. पण तिथे माणूस जातो तो इथे घडून. ती विद्यार्थिनी म्हणाली, "टीचर, मीही सुरुवात केवायसी तपासण्यापासून केली. मालाडला, रात्रपाळीत, सकाळी साडेपाचची लोकल."

तिने सांगितलेला रस्ता असा. एनआयएसएमची सिरीज ३-ए ही परीक्षा, शंभर गुणांची. पास व्हायला ६० लागतात, चुकीच्या उत्तराला पाव गुणवजाबाकी, प्रमाणपत्र ३ वर्षे चालते. एनआयएसएम ही सेबीने २००६ मध्ये काढलेली संस्था, तिचे संकुल आपल्याच कोकणात, रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. हिंमत असेल तर कंपनी सेक्रेटरी. बारावीनंतर प्रवेश परीक्षा, मग एक्झिक्युटिव्ह आणि प्रोफेशनल. प्रत्येक पेपरात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के मिळवावे लागतात. घरी बसून अभ्यास करता येतो, म्हणून मुलींच्या आईवडिलांनी याकडे नीट बघावे असे मला वाटते. उर्दू माध्यमाच्या मुलांना अडते ते कायद्याच्या इंग्रजीपाशी. त्यावर तिचा उपाय साधा: रिझर्व्ह बँकेचे एक परिपत्रक आठवड्याला, शब्दकोश हाताशी घेऊन.

एक प्रश्न त्या अब्बांनी विचारला, आणि तो टाळता येणार नाही. बँकेची नोकरी म्हणजे व्याजाची नोकरी ना? यावर आलिमांत एकमत नाही. मी फतवा देणारी कोण? ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे, आणि विचारताना कामाचे स्वरूप नीट सांगावे. म्युच्युअल फंड कंपन्यांनाही कम्प्लायन्स ऑफिसर लागतो, आणि टाटा एथिकलसारखे शरिया निकषांवर चालणारे फंडही आहेत. बहारीनमध्येच एएओआयएफआय ही इस्लामी वित्तसंस्थांचे हिशेबाचे आणि शरियाचे मानदंड ठरवणारी संस्था आहे. शरिया ऑडिटरचे प्रमाणपत्र ती देते. ज्याला अरबी येते, त्याला ते पुढे उपयोगी पडेल.

आईने एजंटला फोन करून नाही सांगितले. तो तासभर भांडला म्हणे, व्हिसाची फाईल बनली, आता नुकसान कोण देणार वगैरे. तिने उत्तर दिले नाही, नंबर बंद केला.

मुलगा एनआयएसएमच्या परीक्षेला बसला आणि ५४ वर नापास झाला. नकारात्मक गुणांनी खाल्ले. परवा वही घेऊन आला होता. चुकलेले प्रश्न त्याने आठवून लिहून ठेवलेत. पुढची तारीख घेतली आहे. तोवर चिपळूणला एका सी.ए.कडे बसतो, पगार थोडा आहे, पण जीएसटीचे कागद हातून जातात.